शेरलॉक होम्सची चाळीस वर्षे आणि आमच्या सासूबाई



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. आजवर स्मरणिकेत माझ्या नावावर आले ते एकदा नाचणीच्या वड्या आणि एकदा कोहळ्याचे सांडगे. परंतु गेल्या वार्षिक सभेत मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटावरून झालेली बोलाचाली आपणा सर्वांना आठवत असेल. खून-दरोड्यांच्या पुस्तकांवर मंडळाचे पैसे घालवू नयेत, त्यापेक्षा काही बोधप्रद घ्यावे, असे एका ज्येष्ठ भगिनींनी सुचविले. त्या पुस्तकांची मागणी मीच केलेली असल्यामुळे मी खाली मान घालून बसले. चारचौघींत उठून बोलणे मला जमत नाही. घरी येऊन भांडी घासू लागले, तेव्हा मात्र सगळी उत्तरे सुचली. तीच आज लिहीत आहे. वाद वाढवावा हा हेतू नाही. गोष्टींची एक मालिका चाळीस वर्षे कशी चालली, तिचा इतिहास सांगावा आणि मग भगिनींनी काय ते ठरवावे, एवढेच मनात आहे.

ही मालिका शेरलॉक होम्सची. रहस्यकथांची गोडी मला माहेरची. वडील बाबुराव अर्नाळकरांच्या गोष्टी वाचीत, त्यामुळे झुंजार आणि काळा पहाड ही नावे मी बाराखडीबरोबरच शिकले म्हणा ना! पुढे शाळा सुटली, लग्न झाले, आणि वाचन म्हणजे वाण्याच्या पुडीचा कागद, इतकेच उरले. होम्स भेटला तो फार उशिरा, आपल्या पेठेतल्या वाचनालयात. मराठीत त्याच्या गोष्टी भालबा केळकरांनी आणल्या, इतरांनीही आणल्या. त्या वाचता वाचता या गृहस्थाला जन्म देणारा लेखक कोण, हे जाणून घ्यावेसे वाटू लागले. जे मराठीत मिळाले नाही ते माझ्या मुलीने इंग्रजीतून वाचून मला सांगितले.

लेखकाचे नाव आर्थर कॉनन डॉयल. जन्म 22 मे 1859, स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी. वडील चांगले चित्र काढणारे, पण दारूच्या आहारी गेलेले. पुढे त्यांची वर्षानुवर्षे मनोरुग्णांच्या इस्पितळांत गेली. घराचा सगळा गाडा ओढला तो आईने. या माउलीचे नाव मेरी. तिने घरात भाडेकरू ठेवले, मुलांना वाढविले, शिकविले, आणि रोजच्या ओढाताणीतही त्यांना गोष्टी सांगितल्या. तिची गोष्ट सांगण्याची हातोटीच आपल्याला मिळाली, असे डॉयल मोठेपणीही मानीत. मेरीबाईंचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचे फार मोठे काम आहे.

मुलगा वैद्यकी शिकला. कॉलेजात त्याला जोसेफ बेल नावाचे गुरू लाभले. रोगी समोर येऊन उभा राहिला की त्याने तोंड उघडण्यापूर्वीच तो कोठून आला, काय काम करतो, हे बेल सांगत. एकदा एक अनोळखी माणूस आला. बेल म्हणाले, हा सैन्यात होता, नुकताच सुटला आहे, आणि बार्बाडोस बेटावर राहून आला आहे. सगळे खरे निघाले! मग त्यांनी उलगडून सांगितले. माणूस सभ्य आहे, पण त्याने टोपी काढली नाही, कारण सैन्यात ती काढीत नाहीत. सुटून बरेच दिवस झाले असते तर नागरी रीत अंगवळणी पडली असती. आणि पायाला हत्तीरोग आहे, तो त्या बेटांकडचा. होम्सचे बीज इथलेच.

डॉक्टर होऊन डॉयल यांनी पोर्ट्समथजवळ साउथसी येथे दवाखाना थाटला. रोग्यांची गर्दी काही नव्हती. रिकाम्या वेळात त्यांनी होम्सची पहिली कादंबरी लिहिली. ती कित्येक ठिकाणांहून परत आली. शेवटी एका प्रकाशकाने सर्व हक्कांसकट 25 पौंडांना ती विकत घेतली आणि 1887 च्या नाताळच्या एका वार्षिक अंकात छापली. त्या 25 पौंडांनंतर या पुस्तकाचा एक पैसाही डॉयल यांना मिळाला नाही. याच कादंबरीच्या आरंभी होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसन आपली हकीकत सांगतो. अफगाण युद्धासाठी निघालेला हा वॉटसन बोटीतून उतरतो तो आपल्या मुंबईला! हे वाचले तेव्हा मला उगाचच अगदी घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

दुसरी कादंबरी 1890 साली आली. पण होम्सचा खरा बोलबाला झाला तो 1891 पासून, ‘स्ट्रँड’ मासिकामुळे. हे मासिक जॉर्ज न्यून्स यांनी त्याच वर्षी जानेवारीत सुरू केले होते. किंमत सहा पेन्स आणि भरपूर चित्रे. त्या काळी मासिकांत लांबलचक कादंबऱ्या क्रमशः येत. एखादा अंक हुकला की वाचणाऱ्याचा धागा तुटे, आणि पुढचा अंक घ्यावासाच वाटेना. डॉयल यांनी यावर एक सोपी युक्ती काढली. माणसे तीच ठेवायची, पण गोष्ट दर अंकात नवी आणि त्याच अंकात पुरी करायची. अंक हुकला तरी बिघडत नाही, आणि ओळखीची माणसे पुन्हा भेटावी म्हणून वाचक पुढच्या अंकाची वाट पाहतो. आज घरोघरी दूरदर्शन संचावर ज्या गुन्हेतपासाच्या मालिका वर्षानुवर्षे चालतात, त्यांतील कित्येकींची घडण हीच आहे.

त्या मासिकातील पहिली गोष्ट जुलै 1891 ची. तिच्यात खून नाही, दरोडा नाही. एक राजा आहे, एक छायाचित्र आहे आणि आयरीन ॲडलर नावाची एक बाई आहे. एवढा मोठा होम्स, पण ही बाई त्याला चकवून निघून जाते. राजा बक्षीस देऊ करतो, तेव्हा होम्स दुसरे काही न घेता त्या बाईचे छायाचित्र मागून घेतो. मासिकातल्या पहिल्याच गोष्टीत आपल्या नायकाला एका बाईकडून हार खायला लावणारा हा लेखक आहे, हे त्या ज्येष्ठ भगिनींनी कृपा करून लक्षात घ्यावे.

आता थोडे घरचे सांगते. आमच्या सासूबाईंना माझे वाचन मुळीच आवडत नसे. “पुस्तकात डोकं घातलं की दूध उतू जातं,” असे त्या म्हणत. दोनदा गेलेही होते, तेव्हा त्यांचे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पुढे त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण हिंडणेफिरणे संपले. डोळ्यांनीही दिसेनासे झालेले. जन्मभर कामात गेलेली बाई दिवसभर छताकडे बघत पडून राही. एका दुपारी त्या आपण होऊन म्हणाल्या, “काय वाचतेस ते मोठ्यानं वाच. तेवढाच आवाज कानावर पडेल.”

मी वाचू लागले. दुपारची जेवणे आटोपली की सुरू करायचे आणि चहापर्यंत गोष्ट संपायची. लांब गोष्ट असेल तर दोन दुपारी. रोज ओळखीचा तोच होम्स, तोच वॉटसन आणि नवीन कोडे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला क्रमशः कादंबरी झेपली नसती. डॉयल यांची युक्ती किती खरी होती, हे मला माझ्या घरातच कळले. वाचून झालेल्या गोष्टीचा आकडा मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी मांडीत असे. तसे मांडावयास सासूबाईंनीच सांगितले होते. हिशेबाच्या बाबतीत त्या काटेकोर.

त्यांना चुकाही बरोबर सापडत. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी लागते ती खांद्याला. दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायाला असते. सासूबाई लगेच म्हणाल्या, “जखम फिरती आहे वाटतं!” दुसऱ्या एका गोष्टीत तर वॉटसनची बायकोच नवऱ्याला भलत्या नावाने हाक मारते. नाव जॉन, आणि ती म्हणते जेम्स. चाळीस वर्षे लिहिणाऱ्या लेखकाकडून असे व्हायचेच. विशेष असे की आमच्या लक्षात आलेल्या या चुकांवर देशोदेशीच्या विद्वानांनी लेखच्या लेख लिहिले आहेत, असे मुलीने मला पुढे सांगितले. तेव्हा सासूबाईंची योग्यता कमी नव्हती.

असो. पुन्हा इतिहासाकडे वळते.

मासिकाचा खप वाढला, डॉयल यांचे मानधनही वाढले. आधी गोष्टीला 50 पौंड, आणि पुढच्या बारा गोष्टींना मिळून 1000 पौंड. तरी डॉयल यांना समाधान नव्हते. त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहावयाच्या होत्या. होम्समुळे आपले थोर काम बाजूला पडते, असे त्यांना वाटू लागले. मालिका सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच नोव्हेंबर 1891 मध्ये त्यांनी आईला पत्र लिहिले की होम्सला आता संपवून टाकावे असा माझा विचार आहे.

मेरीबाईंनी हे मुळीच मान्य केले नाही. असे करायचे नाही, म्हणून त्यांनी मुलाला निक्षून कळविले. नुसता हट्ट धरून त्या थांबल्या नाहीत, नव्या गोष्टीसाठी कल्पनाही त्यांनीच पुरविली. सुंदर सोनेरी केसांची एक मुलगी, तिला आपले केस कापावे लागतात आणि नकळत दुसऱ्याच मुलीचे सोंग वठवावे लागते. या कल्पनेवर डॉयल यांनी गोष्ट लिहिली आणि ती 1892 च्या जूनमध्ये छापून आली. त्या वेळी होम्सला जीवदान मिळाले ते एका घरबसल्या आईमुळे. लिहिणारा जगप्रसिद्ध होऊ लागला होता, पण त्या गोष्टींत काय आहे ते आईला त्याच्याहून नीट दिसले होते.

हे जीवदान दोन वर्षे टिकले. 1893 साली डॉयल पत्नीसह स्वित्झर्लंडला गेले आणि तेथे त्यांनी रायखेनबाखचा प्रचंड धबधबा पाहिला. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीला क्षय झाल्याचे कळले, त्याच वर्षी वडीलही वारले. डिसेंबर 1893 च्या अंकात होम्स आपला महाशत्रू मोरियार्टी याच्यासह त्या धबधब्यात कोसळला आणि मालिका संपली.

वाचकांचा संताप अनावर झाला. वीस हजार वर्गणीदारांनी मासिक बंद केले, असे सांगतात. लेखकाकडे पत्रांचा पाऊस पडला. एका बाईने तर पत्राच्या आरंभीच डॉयल यांना राक्षस ठरविले होते. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे.

आमच्या घरीही याहून निराळे घडले नाही. ती गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले, तेव्हा सासूबाई ताडकन म्हणाल्या, “मेला? असा कसा मेला? पुढचं पान बघ.” पुढचे पान नव्हते. पुढचा भाग वाचनालयातून दुसऱ्याच कोणी नेलेला. तो परत यायला सव्वा महिना लागला. मी रोज चौकशी करून यायची आणि रोज त्या विचारायच्या, “आला का?” पुस्तक आले का असे विचारीत होत्या की होम्स आला का, ते मी कधी विचारले नाही. होम्स परत येतो हे मला मुलीकडून कळलेले होते, पण सांगितले तर गोडी जाईल म्हणून मी गप्प होते.

त्या दिवसांत एका रात्री त्यांना सणकून ताप भरला. डॉक्टर येऊन गेले, त्यांचा चेहरा काही बरा दिसला नाही. मी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवीत होते. मनात आले, ही बाई ते ठाऊक नसताना गेली तर? मी कानाशी वाकून म्हटले, “आई, तो जिवंत आहे बरं का. परत येतो.” त्यांनी डोळे उघडले नाहीत. क्षीण आवाजात म्हणाल्या, “मला ठाऊक होतं. प्रेत कुठं सापडलं होतं त्याचं?”

भगिनींनो, अगदी खरे आहे. त्या गोष्टीत प्रेत सापडत नाही. मी ती वाचली होती, तरी माझ्या लक्षात आले नव्हते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने तापात पडल्या पडल्या ते कोडे सोडविले होते!

ताप उतरला. आम्ही सव्वा महिना वाट पाहिली, पण त्या काळच्या वाचकांना दहा वर्षे पाहावी लागली. मधे 1901 साली एका भयंकर कुत्र्याची कादंबरी क्रमशः आली, पण ती होम्सच्या मरणाआधीची हकीकत म्हणून सांगितलेली. शेवटी एका अमेरिकन मासिकाने फार मोठी रक्कम देऊ केली आणि 1903 च्या शरद ऋतूत होम्स परत आला. मोरियार्टी एकटाच दरीत पडला, होम्स निसटला आणि मधली दोन वर्षे तिबेटात हिंडत होता, असा खुलासा डॉयल यांनी केला. तो ऐकून सासूबाई म्हणाल्या, “वॉटसनला एक चिठ्ठी तरी टाकायची होती मेल्यानं.”

आता या गोष्टींपासून बोध काय, तेही सांगते. 1903 सालीच इंग्लंडात जॉर्ज एडलजी नावाच्या तरुण वकिलाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. रात्री शेतात जाऊन एका घोड्याला भोसकल्याचा आरोप होता. हा जॉर्ज अर्धा आपल्याकडचा. त्याचे वडील शापुरजी एडलजी जन्माने मुंबईचे पारशी. ते ख्रिस्ती होऊन इंग्लंडात ग्रेट वायर्ली गावी पाद्री झाले होते. आई इंग्रज. गावात या कुटुंबाला निनावी पत्रांचा छळ वर्षानुवर्षे होत होता. जॉर्जला तीन वर्षांनी सोडले, पण डाग तसाच राहिला. त्याने डॉयल यांच्याकडे दाद मागितली.

डॉयल त्याला भेटावयास एका हॉटेलात गेले. तो वर्तमानपत्र वाचीत होता, आणि ते अगदी डोळ्यांजवळ, तिरके धरून. डॉयल स्वतः डोळ्यांचे शास्त्र शिकलेले. त्यांनी तेथेच ओळखले की याची दृष्टी फारच अधू आहे. काळोख्या रात्री शेते तुडवीत जाऊन असे कृत्य करणे या माणसाला शक्य नाही. त्यांनी सारे कागद तपासले, गावी जाऊन जागा पाहिली आणि जानेवारी 1907 मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिले. मे महिन्यात सरकारने जॉर्जला त्या गुन्ह्यातून मोकळे केले. नुकसानभरपाई मात्र दिली नाही. तो पुन्हा वकिली करू लागला. फौजदारी अपिलांचे न्यायालय इंग्लंडात त्याच वर्षी स्थापन झाले. ते व्हावयास जी कारणे घडली, त्यांत या प्रकरणाचाही वाटा मानतात. त्या वर्षी डॉयल यांचे दुसरे लग्न झाले, त्या समारंभाला जॉर्ज पाहुणा म्हणून हजर होता.

समोरच्या माणसाकडे नीट पाहावे, गावाने त्याच्यावर मारलेला शिक्का आधी वाचू नये, हे होम्स गोष्टीगोष्टीतून शिकवितो. आणि ते लिहिणाऱ्याने एकदा तरी खरे करून दाखविले. याहून बोधप्रद म्हणजे काय असते, ते मला ठाऊक नाही.

मेरीबाई 1920 साली वारल्या. शेवटची गोष्ट 1927 साली आली, आणि 7 जुलै 1930 रोजी डॉयल गेले. एकूण चार कादंबऱ्या आणि छप्पन्न गोष्टी, मिळून साठ. ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी होम्सला दरीत लोटले, त्यांपेक्षा लोकांच्या ध्यानात राहिला तो होम्सच. मुलाच्या कामाची पारख आईने केली होती, ती चुकली नाही.

त्या तापानंतर आमच्या सासूबाई आणखी सात महिने होत्या. त्या वर्षीची दिनदर्शिका मी अजून फेकलेली नाही. दुधाच्या हिशेबाशेजारचा शेवटचा आकडा एक्केचाळीस आहे. राहिलेल्या एकोणीस गोष्टी मी अद्याप वाचलेल्या नाहीत. एकटीने वाचावयाच्या म्हटले की पुस्तक हातात धरवत नाही.

म्हणून मंडळाला माझी नम्र विनंती आहे. कपाटासाठी होम्सची पुस्तके घ्यावीत. आपल्या मंडळातील ज्या भगिनींना आता नीट दिसत नाही, किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी दर गुरुवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर मी मंडळाच्या खोलीत एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवीन. चहापर्यंत गोष्ट नक्की संपेल. त्या ज्येष्ठ भगिनींनीही यावे, त्यांच्यासाठी भिंतीजवळची खुर्ची राखून ठेवीन. बेचाळिसाव्या गोष्टीपासून आरंभ करावा अशी माझी इच्छा आहे. मंडळाने रुकार द्यावा.